मासळी कारखान्यातला अमोनिया ऑपरेटर : प्रशिक्षण, परीक्षा आणि प्रमाणपत्र (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

रत्नागिरी, तळोजा, गोव्यातलं कुंकळ्ळी किंवा गुजरातेतलं वेरावळ, कुठेही मासळीचा निर्यात कारखाना असला की त्याच्या मागच्या अंगाला एक प्लांट रूम असते. पुढे कोळंबी सोलणाऱ्या बायकांच्या रांगा आणि मागे मासा गोठवण्यासाठी चालणारे अमोनियाचे कॉम्प्रेसर. मागच्या खोलीतल्या माणसाविषयी जे प्रश्न मालक, व्यवस्थापक, आयटीआयची मुलं आणि स्वतः ऑपरेटर पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत.

अमोनिया प्लांट चालवायला सरकारी लायसन्स लागतं का?

बॉयलर चालवणाऱ्याला लागतं. बॉयलर अटेंडंटची परीक्षा, प्रमाणपत्र, सगळं कायद्यात आहे. अमोनिया ऑपरेटरसाठी तसा देशभर सक्तीचा वेगळा परवाना नाही. त्यामुळे 'काल हेल्पर, आज ऑपरेटर' हा प्रकार सर्रास चालतो.

पण परवाना नाही म्हणून मालक मोकळा होत नाही. दाबाखालची यंत्रं सुरक्षित ठेवणं आणि कामगाराला त्याच्या कामाचं सुरक्षा प्रशिक्षण देणं ही जबाबदारी कारखाना कायदा १९४८ मध्ये होतीच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ती आहे. अपघात झाला की औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा अधिकारी पहिल्यांदा विचारतो, 'शिफ्टवर कोण होतं आणि त्याला काय शिकवलं होतं?' त्या वेळी दाखवायला हजेरीपट आणि एक फोटो एवढंच असेल, तर ते प्रशिक्षण धरलं जाईल या भरवशावर राहू नका.

आमच्याकडे कॉम्पिटंट पर्सनचं सर्टिफिकेट आहे. मग ऑपरेटरचं वेगळं कशाला?

हा घोळ फार ठिकाणी दिसतो. कॉम्पिटंट पर्सन, म्हणजे कायद्याने मान्य केलेला तपासनीस, येतो तो रिसीव्हर, इंटरकूलर, अ‍ॅक्युम्युलेटर ही अमोनियाची भांडी तपासायला. पत्र्याची जाडी मोजतो, सेफ्टी व्हॉल्व्ह पाहतो आणि भांडं त्या दाबाला योग्य आहे असं लिहून देतो. ते प्रमाणपत्र भांड्याचं झालं. ते भांडं रात्री तीन वाजता कोण हाताळणार आहे, याबद्दल त्यात एक अक्षर नसतं.

आयटीआयला रेफ्रिजरेशन अँड एसी केलं आहे. पुरेसं आहे का?

पाया म्हणून उत्तम. दोन वर्षांच्या त्या ट्रेडमध्ये रेफ्रिजरेशन सायकल, विजेचं काम आणि हत्यारं पक्की होतात. पण मुलाचा हात बसलेला असतो फ्रीज, स्प्लिट एसी आणि तांब्याच्या पाइपवर. अमोनिया तांबं आणि पितळ खातो, म्हणून इथे सगळं लोखंड आणि पोलाद. एसीचं गेज मॅनिफोल्ड (दाब मोजायचा संच) इथे जोडायचं नाही. एसीत तेल गॅसबरोबर फिरून कॉम्प्रेसरकडे परत येतं, अमोनियात ते भांड्याच्या तळाला बसतं. तिथे गॅस काही किलो असतो, इथे तो टनांत मोजावा लागतो.

म्हणून आयटीआयनंतर अमोनियाच्याच प्लांटवर अ‍ॅप्रेंटिसशिप करा. ती मिळवताना एवढंच विचारा की शिकवणारा फोरमन शिफ्टवर असतो का. नुसतं बर्फाच्या लाद्या उचलायला ठेवत असतील तर वर्ष फुकट जाईल.

मी फक्त सातवी शिकलोय, पण पंधरा वर्षं प्लांटवर आहे. मला प्रमाणपत्र मिळेल का?

मिळू शकतं आणि घ्याच. आधीच्या अनुभवाला मान्यता देण्याची सोय कौशल्य विकासाच्या योजनांत आहे, तिला आरपीएल म्हणतात. अन्न प्रक्रिया क्षेत्राच्या कौशल्य परिषदेत, म्हणजे 'फिक्सी'त, कोल्ड स्टोरेज टेक्निशियनचा अभ्यासक्रम आहे. तुमच्या बाबतीत अडतं ते दाब-तापमानाच्या तक्त्याशी, म्हणजे कोणत्या तापमानाला अमोनियाचा दाब किती, हे सांगणाऱ्या कागदाशी. पंधरा वर्षांच्या माणसाला कॉम्प्रेसरच्या आवाजावरून बिघाड कळतो, पण तो का झाला हे कागदावर मांडता येत नाही. ती गाठ सोडवायला फार दिवस लागत नाहीत. शिकवणारा मराठीत बोलणारा हवा आणि त्याने तुम्हाला वर्गात पोरासारखं वागवू नये, एवढं पाहा.

नक्की कोणती प्रमाणपत्रं घ्यावीत? नावं ऐकून गोंधळ होतो.

तीन जातींची असतात.

पहिली, शासनमान्य कौशल्य प्रमाणपत्रं : आयटीआय, अ‍ॅप्रेंटिसशिप आणि वर सांगितलेलं कौशल्य परिषदेचं. नोकरीसाठी हीच चालतात.

दुसरी, उद्योगातली. असोसिएशन ऑफ अमोनिया रेफ्रिजरेशन ही संस्था पुण्यातलीच आहे आणि अमोनियाच्या सुरक्षिततेवर ती प्रशिक्षण देते. अमेरिकेत १९१० पासून चालू असलेल्या 'रेटा' या संघटनेच्या दोन परीक्षा जगभर ओळखल्या जातात : देखरेखीखाली काम करणाऱ्या नवख्यासाठी 'कॅरो' आणि स्वतंत्रपणे प्लांट सांभाळणाऱ्या अनुभवी माणसासाठी 'सिरो'. बाहेरदेशी जायचं असेल तर त्यांचा उपयोग, मात्र इंग्रजी वाचन चांगलं लागतं. रेफ्रिजरेशनवाल्या माणसाला नेमकं काय यायला हवं हे ठरवणारं आयएसओ २२७१२ हे मानक २०२३ साली आलं आहे. कारखान्याने स्वतःची परीक्षा बांधताना ते समोर ठेवायला हरकत नाही.

तिसरी जात म्हणजे मासळीच्या बाजूची, मत्स्यविषयक संस्थांची : कोचीची सिफ्ट आणि निफाट, वर्सोव्याची सिफे, शिरगावचं मत्स्य महाविद्यालय. इथे मासा, स्वच्छता, हॅसॅप (अन्नसुरक्षेची पद्धत) हे विषय असतात. त्यांचा कागद दाखवून कोणी 'मी अमोनिया ऑपरेटर' म्हणत असेल तर थांबा.

मासळीच्या प्लांटला वेगळं असं काय असतं? दूध डेअरीतही अमोनियाच असतो की.

गॅस तोच, पण कामाची चाल वेगळी. डेअरीत दूध रोज ठरल्या वेळी येतं. इथे बोटी लागल्या की माल एकदम येतो, नाही लागल्या तर प्लेट फ्रीझर रिकामे. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराला म्हाकूल किंवा राणी मासा भरपूर उतरला, की त्याच रात्री सगळे फ्रीझर, आयक्यूएफ (एकेक नग सुटा गोठवणारं यंत्र), बर्फाचा प्लांट आणि चिल रूम एकदम गॅस मागतात. लोड असा वरखाली झाला की द्रव अमोनिया सक्शनमधून, म्हणजे गॅस कॉम्प्रेसरकडे ओढून आणणाऱ्या पाइपातून, कॉम्प्रेसरकडे यायला वेळ लागत नाही, आणि द्रव आत गेला की कॉम्प्रेसर मोडतो. कोणता कॉम्प्रेसर कधी चढवायचा, फ्रीझर एकामागून एक किती अंतराने चालू करायचे, हे ऑपरेटरला कळावं लागतं.

दुसरी गोष्ट तापमानाची. मालाच्या गाभ्याला उणे १८ अंश मिळवायचे तर प्लेट फ्रीझरमधला अमोनिया उणे ४० च्या आसपास उकळावा लागतो. अमोनिया वातावरणाच्या दाबाला उणे ३३ अंशांवर उकळतो, म्हणजे उणे ४० ला सक्शन लाइनमध्ये दाब नसून व्हॅक्यूम असतो, साधारण ९ इंच पारा. तिथे ग्लँड किंवा सील सैल असेल तर गॅस बाहेर येत नाही, हवा आणि तिच्याबरोबर ओल आत जाते. वास येत नाही म्हणून कोणाला पत्ता लागत नाही आणि हळूहळू कंडेन्सरचं (गॅस थंड करून त्याचा द्रव करणाऱ्या यंत्राचं) प्रेशर चढतं, विजेचं बिल चढतं.

तिसरी गोष्ट खारं वारं. पाइपवरचं इन्सुलेशन एकदा फाटलं की त्याखाली घाम साचतो, मीठ साचतं आणि वरून चकचकीत दिसणारा पाइप आतून पोखरतो. कोकणातल्या ऑपरेटरला इन्सुलेशनवर हात फिरवून ओल आणि फुगवटा ओळखता आला पाहिजे.

आणि चौथी, ऑपरेटरला सहसा कोणी न सांगितलेली गोष्ट : बांगडा, कुपा अशा माशांत उशीर आणि ऊब मिळाली की हिस्टामाइन तयार होतं. नंतर मासा गोठवा नाहीतर शिजवा, ते जात नाही. चिल रूमचं तापमान दोन तास ४ अंशांच्या वर राहिलं आणि लॉगबुकात मात्र २ लिहिलं, तर ती फसवणूक थेट खाणाऱ्याच्या पोटात जाते. ऑपरेटरच्या अभ्यासक्रमात हा धडा हवाच, असं माझं मत आहे.

प्रॅक्टिकल परीक्षेत काय विचारतात?

चांगला परीक्षक वर्गात बसत नाही, प्लांट रूममध्ये नेतो. पहिलं काम बहुधा असं : 'हा पाइप कुठून येतो आणि कुठे जातो, चालत दाखव.' निम्मे उमेदवार इथेच अडखळतात, कारण त्यांना रोजचे चारपाच व्हॉल्व्ह माहीत असतात, बाकीचे कधी हललेले नसतात.

मग गेजचा प्रश्न. समजा कंडेन्सरमधून निघणाऱ्या द्रवाचं तापमान ३५ अंश आहे आणि डिस्चार्ज गेज, म्हणजे कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचा दाब दाखवणारं गेज, २१० पीएसआय (दाबाचं एकक) दाखवतंय. काय समजायचं? तक्त्यात ३५ अंशांना सुमारे १८१ पीएसआय आहे. वरचे जवळपास ३० कुठून आले? गेज बरोबर असेल तर बहुतेक आत हवा शिरली आहे, पर्जिंग करायला हवं, म्हणजे ती हवा बाहेर सोडायला हवी. 'कंडेन्सरवर पाणी वाढवतो' हे उत्तर अनेकजण देतात. पाणी कमी असतं किंवा कॉइलवर क्षार बसले असते तर द्रवाचं तापमानही वर गेलं असतं. ते ३५ च राहिलं, म्हणून बोट हवेकडे जातं. एवढा विचार उमेदवाराने मोठ्याने बोलून दाखवला, की बाकी परीक्षा निम्मी झाली.

त्यानंतर कॉम्प्रेसर सुरू-बंद करण्याचा क्रम, ऑईल प्रेशर, पंप डाउन (एखाद्या भागातला अमोनिया ओढून काढून तो भाग रिकामा करणं), गळती शोधणं. गंधकाची बत्ती किंवा ओला लिटमस दोन्ही चालतात. शेवटी श्वसनयंत्र चढवून दाखवणं. टाकीतली हवा किती आहे हे न पाहता मास्क लावला तर नापास करावं, यात दयामाया नको.

ऑईल ड्रेनवर, म्हणजे भांड्यात साचलेलं तेल काढण्यावर, एवढा जोर का? आम्ही ते रोजच करतो.

रोज करता म्हणूनच. अमोनिया प्लांटमध्ये मुद्दाम सिस्टिम उघडण्याचं हे नेहमीचं काम आहे, आणि सवयीने माणूस सैल होतो.

बहुतेक जुन्या प्लांटमध्ये वापरतात ते खनिज तेल द्रव अमोनियापेक्षा जड. ते भांड्याच्या तळाशी बसतं आणि थंड बाजूला काकवीसारखं घट्ट होतं. ऑपरेटर बादली लावतो, व्हॉल्व्ह थोडा उघडतो, काही येत नाही. आणखी उघडतो, तरी नाही. वैतागून पूर्ण उघडतो. तेवढ्यात अडकलेला गोळा सुटतो आणि त्याच्यामागे द्रव अमोनिया उसळून बाहेर येतो. माणूस उकिडवा बसलेला, तोंड नेमकं व्हॉल्व्हसमोर, आणि बंद करायचा तर हात त्याच धुरात घालावा लागतो.

योग्य पद्धत वेळखाऊ आहे. ऑईल पॉटमध्ये तेल उतरवून घ्यायचं, पॉट भांड्यापासून तोडायचा, त्यातला गॅस सक्शनला ओढून घ्यायचा. मग पॉट बाहेरच्या उबेने गरम होऊ द्यायचा. वरचा बर्फ वितळला म्हणजे आत द्रव अमोनिया फारसा उरलेला नाही. दाब शून्याच्या किंचित वर आला की उघडायचं. त्याआधी उघडलं आणि आत व्हॅक्यूम असेल तर तेल येणार नाहीच, उलट हवा आत जाईल. शेवटचा व्हॉल्व्ह स्प्रिंगचा, हात सोडला की आपोआप बंद होणारा असावा. त्याला तारेने बांधून चहाला गेलेला माणूस पाहिला तर त्याला त्या दिवशी शिफ्टवरून उतरवा. गॉगल, हातमोजे, मास्क आणि जोडीला दुसरा माणूस, हे सगळं धरून चालायचं.

लाईट गेली आणि परत आली, तर लगेच सगळं चालू करायचं ना?

नाही. कोकणात पावसाळ्यात हा प्रश्न रोजचा आहे, आणि ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगडात कितीतरी गावं अनेक दिवस अंधारात होती.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात थिओडोर इथे ऑगस्ट २०१० मध्ये घडलेलं प्रकरण प्रत्येक ऑपरेटरला शिकवावं. शीतगृहात सात तासांहून जास्त वीज नव्हती. ती आल्यावर प्लांट सुरू करताना ऑपरेटरने कंट्रोल पॅनलवरचे अलार्म साफ केले. त्यात एका ब्लास्ट फ्रीझरचं अर्धवट राहिलेलं डिफ्रॉस्ट (गरम गॅस सोडून कॉइलवरचा बर्फ वितळवण्याचं काम) रद्द झालं. कॉइलमध्ये गरम गॅस दाबाने भरलेला होता, तो हळू न सोडता यंत्रणेने थेट सक्शन उघडलं. गरम गॅसने थंड द्रवाला पुढे ढकललं, तो द्रव घणासारखा पाइपावर आदळला आणि छपरावरची लाइन फुटली. साडेचौदा टनांच्या आसपास अमोनिया बाहेर पडला आणि वाऱ्याच्या दिशेला असलेल्या शंभरावर लोकांना त्याचा त्रास झाला, त्यांतल्या ३२ जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने त्याचा तपास प्रसिद्ध केला आहे.

आपल्याकडे हॉट गॅस डिफ्रॉस्ट असेल तर क्रम पाठ हवा. आधी द्रवाची लाइन बंद, कॉइलमधला द्रव पंखे चालू ठेवून ओढून काढायचा, मग सक्शन बंद, मग गरम गॅस हळूहळू. संपल्यावर दाब लहान व्हॉल्व्हने सोडायचा आणि मगच मुख्य सक्शन उघडायचं. वीज गेली तेव्हा कोणता फ्रीझर कोणत्या टप्प्यावर होता हे फळ्यावर खडूने लिहून ठेवण्याची पद्धत काही फोरमन पाळतात. पीएलसी (आपोआप नियंत्रण करणारा संगणक) असलेल्या प्लांटनेही ती उचलावी.

लॉगबुक दर तासाला भरलेलं आहे. ऑडिटरने तरी शंका का घेतली?

कारण रात्रभर सक्शन, डिस्चार्ज, अँपिअर आणि रूमचं तापमान एका आकड्यानेही हललेलं नव्हतं. मध्ये दोन फ्रीझर भरले, एक रिकामा झाला, वीज एकदा गेली, आणि आकडे मात्र जागचे जागी. शिफ्ट संपताना एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरलेलं पान लगेच ओळखू येतं.

याचा दोष एकट्या ऑपरेटरला देऊ नका. त्याने 'चिल रूम ६ अंश' असं खरं लिहिलं तेव्हा मॅनेजरने त्याला झापलं असेल, तर तो पुढच्या वेळी २ च लिहील.

वास आला तर किती घाबरायचं?

साधारण ५ पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ५ भाग) अमोनियाचा वास लागतो. आठ तासांच्या कामासाठी मर्यादा २५ पीपीएम, थोड्या वेळासाठी ३५. ३०० पीपीएमला जिवाला धोका धरतात, तिथे डबीचा साधा मास्क चालत नाही, पाठीवर टाकी असलेलं श्वसनयंत्रच लागतं. हवेत १५ ते २८ टक्के झाला तर तो पेटूही शकतो, म्हणून प्लांट रूमच्या एक्झॉस्ट पंख्याचं बटण दाराबाहेर असावं.

प्रत्यक्षात घोटाळा होतो तो पुढच्या हॉलमध्ये. सप्टेंबर २०२२ मध्ये ओडिशातल्या बालेश्वर जिल्ह्यात आणि जुलै २०२४ मध्ये तमिळनाडूतल्या थुथुकुडीजवळ मासळी कारखान्यांत गळती झाली, तेव्हा दवाखान्यात गेले ते मुख्यतः प्रक्रियेच्या हॉलमधले कामगार. त्यांना वाऱ्याची दिशा कोण सांगणार? भोंगा झाला की वाऱ्याला आडवं चालत बाहेर पडायचं, तोंडावर ओलं फडकं धरायचं, डोळ्यांत गेलं तर किमान १५ मिनिटं पाणी मारायचं, हे मराठी, हिंदी, मल्याळम, ओडिया, जी भाषा हॉलमध्ये चालते तिच्यात सांगून ठेवायला हवं. ऑपरेटरने लक्षात ठेवायचं ते असं : हवेतल्या गॅसवर पाण्याचा फवारा ठीक, पण जमिनीवर साचलेल्या द्रव अमोनियावर पाणी ओतायचं नाही, तो आणखी वेगाने उकळतो.

दाढी, चष्मा, दमा यांमुळे अडचण येते का?

दाढी असेल तर मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही. श्वसनयंत्र वापरणाऱ्याला गुळगुळीत दाढी करावीच लागते, श्रद्धेचा प्रश्न असेल तर त्याला दुसरं काम द्या. चष्म्याच्या काड्या सीलमध्ये येतात, त्यासाठी मास्कच्या आत बसणारी फ्रेम मिळते. दमा असलेल्याने हे काम पत्करू नये. वास न येणाऱ्यानेही नाही, आणि हे कोणी विचारतच नाही.

मुलींनी हा कोर्स करावा का?

करावा. प्लांट रूममध्ये पाठीच्या ताकदीपेक्षा लक्ष लागतं. रात्रपाळीला जाण्यायेण्याची सोय आणि प्लांटजवळ स्वच्छतागृह मात्र भरती करण्याआधी तयार ठेवा, नंतर बघू म्हणून चालत नाही.

सगळं ऑटोमॅटिक आहे. मग एवढं शिकवायचं कशाला?

वरचं थिओडोरचं उत्तर पुन्हा वाचा. तिथेही ऑटोमॅटिकच होतं.

बॅच कधी ठेवावी? सीझनमध्ये माणूस सोडता येत नाही.

पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात, साधारणपणे जून-जुलैत, यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेव्हाच कॉम्प्रेसर उघडतात, व्हॉल्व्ह काढून सर्व्हिस करतात, कंडेन्सर साफ होतो. उघडलेला कॉम्प्रेसर समोर असताना व्हॉल्व्ह प्लेट आणि पिस्टन रिंग दाखवणं हे फळ्यावरच्या चित्रापेक्षा कितीतरी सोपं. वर्ग सकाळी, हाताने काम दुपारी. नारळी पौर्णिमेनंतर धावपळ सुरू झाली की कोणी शिकायच्या मनःस्थितीत नसतं.

शिकवून तयार केला आणि तो दुसऱ्या कंपनीत गेला, तर?

जातात. वेरावळला, गोव्याला, आखातात. शिकवलं नाही तरी जातातच. प्रमाणपत्र आलं की त्याच महिन्यात पगारात फरक दिसला, तर जाणारे कमी होतात.

पण माणूस जाण्याचा खरा फटका बसतो तो प्लांटची माहिती त्याच्या डोक्यात असते म्हणून. प्रत्येक व्हॉल्व्हला नंबरची पट्टी लावा. पाइपिंगचा नकाशा आज जसा प्लांट आहे तसा काढून घ्या, वीस वर्षांपूर्वीचा ठेकेदाराचा नको. सुरू करणं, बंद करणं, ऑईल ड्रेन, डिफ्रॉस्ट, वीज गेल्यावरची कामं, प्रत्येकाची एका पानाची कार्यपद्धती मराठीत लिहून प्लांट रूममध्ये लावा, आणि ती जाणाऱ्या ऑपरेटरकडूनच लिहून घ्या. नव्या माणसाला त्या पानांवरून जुन्यासमोर एकेक काम करायला लावा, प्रत्येक कामापुढे दोघांची सही घ्या. सगळ्या सह्या होईपर्यंत त्याला रात्रपाळीला एकटा ठेवू नका.